कावळीची पंगत

"मला माहीत होतं," असं कावळी सांगे, आणि सबंध जंगलात एकाचाही तिच्यावर विश्वास बसत नसे. खार हसे, होला हसे, सुतारपक्षी खोड ठोकायचं थांबवून हसे. "कोकिळेचं पोर पोसलं, ते भुर्रकन उडून गेलं, आणि आता म्हणते माहीत होतं," खार शेपटी उडवत म्हणे. "फसल्यावर सगळे हेच म्हणतात, बाई."

बाळांनो, तुम्हीही हसाल. कावळी मूर्ख असते, कोकिळा तिला फसवते, हे तुम्हाला कुणीतरी शिकवलेलंच असतं. थोडं थांबा. आधी ऐका, मग हसायचं तर हसा.

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, खालच्या गावाच्या अगदी डोक्यावर, बेहड्याच्या झाडावर ही कावळी राहत असे. आवाजाने कर्कश, पण जे पाहील ते लक्षात ठेवणारी. शेजारच्या ऐनाच्या झाडावर तिची धाकटी जाऊ राहत असे. जाऊ स्वभावाने मऊ. कुणी दोन शब्द गोड बोललं की तिला ते पटलंच म्हणून समजा. उन्हाळा लागला तशी दोघींनी घरटी बांधली. काटक्या आणल्या, कुंपणाच्या तारेचे तुकडे आणले, आत शेळीचे केस अंथरले आणि अंडी घातली.

एका दुपारी कावळी ओढ्यावरून परतली, तर बेहड्याच्या बुंध्याशी तिच्याच अंड्याचं फुटकं कवच पडलेलं. जीव मुठीत धरून ती वर गेली. वर अंडी होती तितकीच होती.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "खाली एक फुटलंय आणि वर एकही कमी नाही. कुणीतरी आपलं काढून स्वतःचं ठेवून गेलंय."

"मग काढून टाक ते," कावळा म्हणाला.

"कोणतं?"

कावळ्याने अंडी इकडून पाहिली, तिकडून पाहिली. सगळी निळसर हिरवी, सगळ्यांवर तपकिरी ठिपके. मग तो म्हणाला, "मी जरा टोळ घेऊन येतो," आणि निघून गेला. कावळी ऐनावर गेली, जाऊला घेऊन खाली उतरली. ऐनाच्या मुळाशीही तसंच कवच पडलेलं होतं.

यथावकाश अंडी फुटली. कावळीच्या घरट्यात तीन तोंडं, जाऊच्या घरट्यात दोन. सगळी उघडीनागडी, सगळी आंधळी, सगळ्यांचे जबडे लालभडक. दोघी जावांना पक्कं माहीत होतं, की आपल्या घरट्यात एक परकं पोर आहे. कोणतं परकं, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्या वर्षी ऊन फार कडक पडलं. ओढा आटला, बेडूक मातीत खोल गेले, टोळ मिळेनासे झाले. अशा दिवसांत मुंगूस बेहड्याखाली आला.

मुंगूस आला की त्या जंगलात सगळे अदबीने बोलत. आदल्या वर्षी अंडी खायला झाडावर चढणारा नाग त्याने मारला होता. तेव्हापासून सकाळी त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, असं पाखरं मानत.

"कावळीताई, पोरं वाळली गं तुझी," मुंगूस मायेने म्हणाला. "मला बघवत नाही. आणि हिशेब तर अगदी सोपा आहे. एक टोळ, तीन तोंडं. एक तोंड कमी कर, म्हणजे त्याच टोळात दोघांची पोटं भरतात. परक्याला भरवलेला प्रत्येक घास तू आपल्या लेकरांच्या तोंडातून काढतेस."

कावळीला ते झोंबलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तिची पोरं खरंच वाळली होती. "दादा, पण परकं कोणतं?" तिने विचारलं.

"जे सगळ्यांत मोठ्याने ओरडतं ते. परक्यालाच एवढी हाव असते."

"आणि ते माझंच निघालं तर?"

"नाही गं निघणार," मुंगूस म्हणाला. "तू ढकल. पुढचं मी बघतो."

कावळी बघत होती. मुंगूस बोलत होता तिच्याशी, पण त्याचे डोळे तिच्याकडे नव्हते. ते घरट्याच्या काठावर होते. आणि उन्हाने तापलेल्या त्या उतारावर एवढ्या ठिकठिकाणच्या सावल्या सोडून तो बरोबर घरट्याखालीच उभा होता.

"विचार करते," ती म्हणाली, आणि तिन्ही पोरांवर पंख पसरून बसली. मुंगूस शेपूट झाडून ऐनाकडे वळला.

तो दिसेनासा झाला तशी कावळी जाऊकडे गेली. जाऊ घरट्याच्या काठावर बसून एकदा या पोराकडे, एकदा त्या पोराकडे बघत होती.

"त्याचं ऐकू नकोस," कावळी म्हणाली.

"पण जाऊबाई, त्याचा हिशेब बरोबर आहे."

"अर्धा बरोबर आहे. तू कधी गावात लग्नाच्या मांडवावर बसली आहेस? मी बसते, खरकटं टिपायला. परवाचीच गोष्ट. पंगतीत एक अनोळखी माणूस येऊन बसला. पांढरा सदरा, कपाळाला गंध. कुणी ओळखेना. जिलबी तर अशी खात होता, जसं काही त्याच्याच घरचं कार्य आहे. मांडवाच्या खांबाला टेकून एक जण उभा होता, तो मुलीच्या बापाच्या कानाशी लागला, की हा आपल्यातला नाही, उठवा याला. बाप काय म्हणाला माहीत आहे? 'असू दे. वाढा त्याला.'"

"का?"

"त्याच्या बायकोनेही हेच विचारलं. तेव्हा तो म्हणाला, 'अगं, आगंतुक असला तर आपलं एक ताट जाईल. पण नवऱ्या मुलाचा मामा निघाला, आणि आपण त्याला भरल्या ताटावरून उठवला, तर लेकीचं लग्न जाईल.' मला आधी माणसं वेडी वाटायची, कुणालाही वाढत सुटतात म्हणून. वेडी नाहीत ती. चूक दोन्हीकडून होऊ शकते. कोणती चूक परवडेल एवढंच ती बघतात. परक्याला भरवलं, तर आपले टोळ जातील. पण आपलंच ढकललं, तर?"

जाऊ हळूच म्हणाली, "पण माझं खरं पोर उपाशी राहील ना, जाऊबाई."

"राहील. बारीक होईल. बारीक झालेलं पोर पुन्हा भरतं." कावळीचा आवाज एरवी कर्कश, पण हे तिने फार हळू सांगितलं. "आणि त्या खांबाला टेकलेल्या माणसाचं सांगायचं राहिलंच. तो पंगतीत जागा मिळायची वाट बघत होता. हा उठला असता, तर त्याच पाटावर तो बसला असता."

जाऊने मान हलवली. पण मान हलवणं निराळं आणि पटणं निराळं. कावळी काही दिवसभर तिच्या उशाशी बसू शकत नव्हती. तिची स्वतःची तीन तोंडं उघडी होती. आणि मुंगूस रोज ऐनाखाली येत होता, रोज तेच मायेने सांगत होता. जाऊचं एक पोर जरा जास्तच ओरडे. एका सकाळी तिने डोळे मिटले आणि त्याला चोचीने काठापलीकडे ढकललं. खाली पाचोळा वाजला. तिने डोळे उघडले तेव्हा खाली काहीच नव्हतं. पोरही नव्हतं, मुंगूसही नव्हता.

दिवस गेले, पोरांना पिसं फुटली. कावळीच्या घरट्यातल्या एकाच्या पिसांवर पांढरे ठिपके उमटले. ते कोकिळेचं होतं. ते पोट भरून, मागे न बघता उडून गेलं. त्याच्या मागे दोन काळी, हडकुळी, पण धडधाकट पोरं राहिली. सगळ्यांत मोठ्याने ओरडणारं त्यातलंच एक होतं. जंगल हसलं, ते याच वेळी.

आणि जाऊच्या घरट्यात राहिलेल्या एकुलत्या एक पोरालाही पांढरे ठिपके उमटले.

त्यानंतर मात्र कुणी हसलं नाही. संध्याकाळी सावरीच्या वाळलेल्या झाडावर कावळ्यांची सभा भरली. जाऊ मधल्या फांदीवर बसली होती, मान पंखात घालून. म्हातारा कावळा म्हणाला, "जिने स्वतःच्या चोचीने स्वतःचं पोर मारलं, तिला थव्यात जागा नाही. अंधार पडायच्या आत तिने निघून जावं."

एकट्या कावळीचं रानात काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. अंधार पडला की घुबडं निघतात. तरी कुणी बोललं नाही. तेव्हा बेहड्यावरची कावळी मध्ये येऊन बसली.

"मी बोलणार आहे," ती म्हणाली.

"तू काय बोलणार," मागून कुणीतरी हसलं. "तुला तर सगळं माहीत होतं."

"होतं. एक परकं आहे एवढं माहीत होतं. कोणतं, ते माहीत नव्हतं. म्हणून तिघांना भरवलं. तुम्हाला विश्वास ठेवायचा नसेल, तर नका ठेवू."

"जाऊबाईंना माहीत होतं," जाऊ पंखातून मान काढून म्हणाली. "झाडाखालचं कवच त्यांनीच मला दाखवलं. पंगतीचं सांगितलं. मीच ऐकलं नाही. मला वाटलं, एक तरी पोट भरेल."

कावळी सगळ्यांकडे एकेक करून बघत म्हणाली, "ऐकलंत? एक तरी पोट भरेल म्हणून तिने केलं. भुकेल्या पोराची आई होती ती. तुम्ही तिला बोल लावता. कुणी कोकिळेला लावता, कुणी मला हसता. तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का, की ते पोर पडलं तेव्हा खाली कोण उभं होतं? खाली ते सापडलं का नाही? कुठं गेलं?"

सगळ्यांनी नकळत सावरीच्या बुंध्याकडे पाहिलं. तिथे पाचोळ्यात काहीतरी सळसळलं आणि लांब गेलं.

"त्याने नाग मारला होता," म्हातारा कावळा पुटपुटला.

"मारला होता. त्याबद्दल आपण त्याला नमस्कार केला. पण नाग मारला म्हणून आपल्या पोरांचा हिशेब त्याने करायचा नाही. त्याने टोळ मोजले, तोंडं मोजली. काठावरून पडेल ते कुणाच्या पोटात जाईल, एवढंच मोजायचं सोडलं. माझी जाऊ कुठेही जाणार नाही. ज्याला जागा कमी पडत असेल, त्याने माझी घ्यावी आणि मला हाकलावं."

म्हाताऱ्या कावळ्याने बराच वेळ एक पाय उचलून धरला, मग खाली ठेवला. "बसू दे तिला," तो म्हणाला. सभा उठली. पण नाग मारणाऱ्याच्या उपकाराखाली दबलेल्या त्या थव्यात एकाचीही चोच त्याचं नाव घ्यायला उघडली नाही.

दोघी जावा ऐनावर परतल्या. घरट्यात ते ठिपक्यांचं पोर भुकेने थरथरत जबडा उघडून बसलं होतं. सबंध दिवसात त्याला कुणी काही दिलं नव्हतं. जाऊने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आता तर कळलं कोणतं परकं ते," ती म्हणाली. "आता हिशेब काय सांगतो, जाऊबाई?"

कावळीने पायात धरून आणलेला एक टोळ तिच्यासमोर ठेवला. "आता हिशेब काही सांगत नाही," ती म्हणाली. "आता नुसतं तोंड उघडं आहे."

जाऊने फिरवलेलं तोंड पुन्हा त्या पोराकडे वळवलं. मग तिने टोळ उचलला, त्याचे काटेरी पाय मोडून काढले, जसे ती आपल्या पोराला भरवताना काढायची, आणि मऊ भाग त्या लाल जबड्यात सोडला.

तात्पर्य : परक्यावर चार घास गेले तर ते पुन्हा मिळवता येतात, पण आपलं माणूस परकं समजून ढकललं तर ते मिळत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा वाढत राहावं, आणि ढकलायचा सल्ला जो देतो तो नेमका कुठे उभा आहे ते आधी बघावं. आणि फसलेल्या आईला बोल लावू नये. बोल ज्याला लावायचा त्याचं नाव घ्यायला सगळं जंगल भीत असेल, तर ते इथे लिहून ठेवलं आहे : मुंगूस.