पुजलेला गडू

फार जुनी गोष्ट आहे. कावळा तेव्हा पांढरा होता असं काही जाणते सांगतात, काही म्हणतात नुकताच काळा झाला होता. मी त्या भांडणात पडत नाही. त्या काळी डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक चितारी राहत होता, एवढं मात्र पक्कं.

त्या राज्याची एक रीत होती. दरवर्षी दिवाळी सरली की राजवाड्यासमोर मोठा मांडव पडायचा आणि राज्यातले चितारी आपापली चित्रं त्यात टांगायचे. अट एकच. गेल्या खेपेला जे मांडलं ते पुन्हा मांडायचं नाही. ज्याने जुनंच उगाळून आणलं, त्याचा कुंचला शिपाई काढून घेत आणि वेशीवरच्या खिळ्याला टांगून ठेवत. मग त्या माणसाने जन्मभर एकच काम करायचं, पोळ्याला गावच्या बैलांची शिंगं रंगवायची. तीसुद्धा काडीला चिंधी गुंडाळून.

आपल्या चिताऱ्याने त्या वर्षी पोपट मांडले. एकवीस पोपट, एकवीस फांद्या. काय पोपट होते म्हणून सांगू! राजवाड्यातली मांजर त्यातल्या एकासमोर दबा धरून बसली, ती तीन दिवस हलली नाही. चौथ्या दिवशी तिला उचलून न्यावं लागलं आणि तिचं वजन, खोटं सांगत नाही, एका उंदराइतकं भरलं.

राजाने स्वतःची शाल चिताऱ्याच्या खांद्यावर घातली. वर विचारलं, "वा, वा. आता पुढच्या वर्षी काय?"

चितारी हसला. त्याने शाल अंगाभोवती ओढून घेतली. ऊबदार होती ती, आणि अंगावर ऊबदार शाल असली की माणसाला पुढचं वर्ष लांब वाटतं.

तो घरी आला तर मागून सगळं गाव. पोपट राजवाड्यात राहिले होते, त्यामुळे घरात बघायला काहीच नव्हतं. कोपऱ्यात फक्त त्याचा तांब्याचा गडू होता, कुंचले धुवायचा. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे याच पाण्यात ते पोपट बुचकळून निघाले म्हणायचे." झालं. एका बाईने गडूला हळदकुंकू लावलं, दुसरीने फूल वाहिलं, भटजींनी दोन मंत्र म्हटले. गडूचं तोंड लहान म्हणून, नाहीतर नारळही बसला असता.

आता पुजलेलं पाणी कोण ओततं? चितारी ओतेना. पाणी आटलं की सकाळी भांडंभर वरून घालायचा. दुसरा गडू आणायचा म्हणाल, तर चिताऱ्याला गडू एकच असतो, गुरूने दिलेला. दुसरा घरात आणणं म्हणजे दुसरी बायको आणण्यासारखं, आणि पहिली बायको घरातच होती.

ती महिन्याभरात म्हणाली, "अहो, त्या गडूला वास मारतोय. द्या इकडे, चिंचेने घासून देते."

"वास नव्हे तो," चितारी गडू पोटाशी धरून म्हणाला. "यश आहे."

"मग यशाला झाकण घाला."

हे गडूचं तेवढं ध्यानात ठेवा. चितारी विसरला, तुम्ही विसरू नका.

संक्रांत गेली. चितारी कागद घेऊन बसला आणि नवं काय काढावं या विचारात पडला. विचार करून करून त्याला जांभया येऊ लागल्या, तसा तो राजकवीकडे गेला. राजकवी म्हणाले, "पोपट म्हणजे लहान विषय. मोठा विषय घे. सूर्योदय घे."

चिताऱ्याने सूर्योदय घेतला. हिंगूळ उगाळला, गडूत कुंचला बुडवला, आकाशभर लाली ओढली. चित्र वाळल्यावर बायको कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कैरी छान आलीय."

चिताऱ्याने नीट पाहिलं. सूर्य खरंच हिरवट होता. शेवाळ धरलेल्या विहिरीतून उगवावा तसा.

त्याने हत्ती काढला, तो हिरवा. नवरी काढली, तिचा शालू लाल व्हायचा तो पिकल्या पानासारखा झाला आणि तोंडावर काविळीची कळा आली. शेजारी डोकावून म्हणाले, "नवा विषय दिसतोय. पण आत कुठेतरी पोपट आहे हां."

चिताऱ्याला काही कळेना. रंग नवे, कागद नवा, विषय नवा, मग पोपट येतो कुठून? रात्री डोळे मिटले की आत पंख फडफडायचे. पोपट आपल्या मनात शिरला आहे, अशी त्याची खात्री पटली. मनातल्या पोपटाला बाहेर काढायचं कसं? पेरू दाखवून?

तो वैद्यांकडे गेला. वैद्यांनी त्याच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि म्हणाले, "डोळ्यांत पित्त उतरलंय. रोज सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धू."

त्याने चाळीस दिवस डोळे धुतले. डोळे इतके लख्ख झाले की त्याला तीन कोसांवरच्या बगळ्याच्या पायातली अंगठी दिसू लागली. बगळे अंगठी घालतात का, असं मला विचारू नका, तेव्हा घालत असतील. पण चित्र काढलं की हिरवं.

मग त्याने कुंचले बदलले. खारीच्या शेपटीचा टाकला, बकरीच्या केसांचा घेतला, तो टाकून मुंगसाचा घेतला. मग कुणी म्हणालं, "इथे बसून नवं कसं सुचेल? घाट उतर, समुद्र बघ." तो घाट उतरला. गडू मात्र फडक्याने तोंड बांधून, डोक्यावर घेऊन, थेंब न सांडता. समुद्र पाहिला, निळाशार. काढला, हिरवागार. परत आला तेव्हा आषाढ लागला होता, त्याची दाढी वाढली होती आणि आपण चितारी आहोत की पोपट, याबद्दल त्याला मनापासून शंका येत होती.

श्रावण संपत आला. दिवाळीनंतरचा मांडव आता दारात येऊन उभा राहिल्यासारखा वाटू लागला. येताजाता वेशीवरचा खिळा दिसायचा. त्यावर एक जुना कुंचला लटकत होता, त्याच्या केसांत कोळ्याने घर केलं होतं. शेजारी एक खिळा मोकळा होता. चितारी तिथून मान खाली घालून जायचा.

जुना कुंचला ज्याचा, तो म्हातारा वेशीबाहेर राहायचा. तीस वर्षांपूर्वी त्याने असे हत्ती मांडले होते, की राजाच्या खऱ्या हत्तिणीने मांडवात येऊन चित्रासमोर ऊस ठेवला म्हणतात. पुढच्या वर्षी त्याने वाघ आणले. लोकांनी पाहिलं आणि म्हणाले, हे तर पट्टे ओढलेले हत्ती. तेव्हापासून गाव त्याला शिंगरंग्या म्हणायचं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी चितारी त्याच्याकडे गेला. अर्थात काखेत गडू, कमरेला कुंचला आणि खांद्यावर राजाची शाल होतीच. म्हातारा एका तांबड्या बैलाला धुऊन पुसून, शिंगं घासून, चिंध्या शोधत होता.

"आबा, एक विचारायचं होतं," चितारी म्हणाला. "तुमचं नेमकं चुकलं काय?"

म्हातारा हसला. "तीस वर्षांत हे विचारायला आलेला तू पहिलाच. बाकीचे शिंगं लाल हवीत की निळी, एवढंच सांगतात."

"पण चुकलं काय?"

"मला कळलं असतं तर मी इथे असतो का, बाळा? मी वाघच काढत होतो. कागदावर हत्तीच उतरायचा. सगळं राखाडी." त्याने चिताऱ्याकडे निरखून पाहिलं. "तुझं काय उतरतंय?"

"पोपट."

"अरे देवा." म्हातारा थोडा सरकून बसला आणि शेजारची जागा त्याने हाताने झाडली. "बस. सवय होते हळूहळू."

चिताऱ्याने ती झाडलेली जागा पाहिली. तो बसला नाही. काहीतरी करायचं म्हणून म्हणाला, "आबा, एक शिंग मी रंगवू? लाल."

म्हाताऱ्याने हिंगुळाची वाटी पुढे केली. चिताऱ्याने फडकं सोडलं, गडूत कुंचला बुडवला, वाटीत टेकवला आणि शिंगावर फिरवला. रंग उतरला तो सडक्या पेरूसारखा.

बैलाने मान वळवून शिंगाकडे पाहिलं. पोळ्याच्या दिवशी बैलांना बोलायची मुभा असते. वर्षभर ते सोसतात, म्हणून एक दिवस.

"लाल ठरलं होतं," बैल म्हणाला.

"लालच लावलाय रे," चितारी रडकुंडीला येऊन म्हणाला. "माझ्या मनात पोपट आहे, तो रंगात उतरतो. कवींना विचारलं, वैद्यांना विचारलं, समुद्रापर्यंत जाऊन आलो. कुणालाच कळत नाही."

"मलाही मनातलं काही कळत नाही, मालक. मी बैल." असं म्हणून बैलाने तहान लागली म्हणून गडूत जीभ घातली, आणि लगेच फुर्र करून पाणी चिताऱ्याच्या शालीवर उडवलं. "पण हे पाणी हिरवं आहे."

चितारी शालीकडे बघत राहिला. राजाच्या पांढऱ्या शालीवर हिरवे डाग पडले होते, थेट पोपटाच्या पिसांच्या रंगाचे. त्याने गडू उजेडात धरला. तळाशी पोपटांचा गाळ बोटभर साचला होता. एकवीसच्या एकवीस.

"आबा," तो हळूच म्हणाला, "मी वर्षभर हेच पाणी वापरतोय."

"मग? पुजलेलं असेल ना," म्हातारा म्हणाला.

आणि बोलता बोलता थांबला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला, घरात गेला आणि कोनाड्यातून आपला गडू घेऊन आला. त्यावर हळदकुंकवाची तीस वर्षांची पुटं चढली होती, तोंडाशी वाळलेलं फूल चिकटलं होतं. आत राखाडी पाणी हलत होतं. नेमाने वरून भरलेलं.

"माझे हत्ती," म्हातारा म्हणाला.

दोघांनी एकदमच गडू दारातल्या चिंचेच्या बुंध्याशी ओतले. एकाचं हिरवं, एकाचं राखाडी. म्हाताऱ्याचा गाळ तीस वर्षांचा होता, त्यामुळे त्याच्या गडूला रिकामं व्हायला वेळ लागला. चिताऱ्याने घाई केली नाही.

बैल म्हणाला, "आता माझं शिंग."

चितारी घरी गेला आणि रिकामा गडू बायकोपुढे ठेवला. तिने सगळी हकीकत ऐकली, चिंच भिजत घातली आणि म्हणाली, "बायकोचं म्हणणं पटायला बैल मध्ये घालावा लागला."

आता तुम्हाला वाटेल, पाणी नवं भरलं आणि त्याला नवं सुचलं. तसं काही झालं नाही. स्वच्छ पाण्यापुढे तो पंधरा दिवस नुसता बसून होता, आधीइतकाच गोंधळलेला. फरक एवढाच, की पूर्वी त्याला जिकडे तिकडे पोपट दिसायचा, आता काहीच दिसेना. सोळाव्या दिवशी त्याने गडूत कुंचला बुडवला तेव्हा बैलाच्या शिंगाला लावलेल्या हिंगुळाचा एक बारीक लाल धागा पाण्यात पसरताना दिसला. तो तेवढाच बघत बसला. मग त्याने तेच काढलं. गडू, पाणी आणि त्यावर वाकलेलं बैलाचं तोंड.

मांडव पडला. लोकांनी चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, उलटं करूनही पाहिलं. पोपट सापडला नाही. राजाने हनुवटी चोळली, म्हणून दरबाऱ्यांनीही चोळली. तेवढ्यात राजवाड्यातली ती मांजर आली. एव्हाना तिने वजन भरून काढलं होतं. ती चित्रासमोर गेली, जीभ काढली आणि रंगवलेल्या गडूतलं पाणी लपलप प्यायला लागली.

राजा म्हणाला, "खिळा मोकळाच राहू द्या."

गाव पुन्हा हळदकुंकू घेऊन चिताऱ्याच्या दारात आलं. तर गडू ओट्यावर पालथा घातलेला, आणि बायको शेजारी बसून वाटाणे सोलत असलेली. "पाणी सकाळीच तुळशीला घातलं," ती म्हणाली. "कुंकू तिला वाहा."

म्हाताऱ्याचा कुंचला खिळ्यावरच राहिला, राज्याची रीत मोडली नाही. पण पुढच्या पोळ्याला त्याने चिंधीने रंगवलेली शिंगं बघायला सात गावची माणसं आली. कुणी म्हणतात एका शिंगावर अख्खा वाघ होता, शेपटीसकट. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण माझ्या आजोबांच्या आजोबांच्या बैलाने सांगितलंय, आणि तो पोळ्याच्या दिवशी खोटं बोलत नसे.

तेव्हापासून त्या राज्यातले चितारी मांडव उठला की आधी गडू पालथा घालतात आणि मगच हारतुरे घेतात.

बोध एवढाच: कालच्या कौतुकाचं पाणी ओतून दिल्याशिवाय आजचा रंग खरा उतरत नाही.