बुजवलेला फाटा

फार जुनी गोष्ट आहे. माघ वद्य तृतीयेचा दिवस होता. आभाळ कोरडं होतं, वारा उत्तरेचा होता आणि सकाळी गवतावर दवाचा थेंबही नव्हता.

त्या सकाळी यमुनाक्का आपल्या पानमळ्यात उभी होती. मळ्यात नागवेलीच्या चाळीस ओळी होत्या. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या त्या वेली तिने बारा वर्षं लेकरांसारख्या वाढवल्या होत्या. नागवेलीचं पाणी चार दिवस चुकलं तर ती रुसते, पंधरा दिवस चुकलं तर मरते. आज नववा दिवस होता. यमुनाक्काने पायाशी गळलेलं एक पिवळं पान उचललं, मुठीत चुरगाळलं आणि ती तडक देवळाकडे निघाली.

आता हे पाणी का तुटलं, ते ऐका.

त्या नदीवर सात गावांनी मिळून एक बंधारा बांधला होता. बंधाऱ्यावरून पाट निघे आणि पाटाला सात फाटे फुटत. दर चैत्रात सातही गावांची माणसं मिळून गाळ काढत. पाणी कुणाला कधी, ते सातांची बैठक ठरवी. यमुनाक्काच्या गावाची पाळी तिसरी होती.

एका वर्षी बैठकीने या गावाची एक पाळी खरोखरच बुडवली. अन्याय झाला, यात शंका नाही. पण गाव भांडायचं सोडून रुसलं. "आमच्या पाण्याचं दुसऱ्यांनी का ठरवायचं? आम्ही आमचं तळं खोदू!" असं पाटील म्हणाला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. घरटी एक दाणा मडक्यात पडला. बाहेर पडायला हुलगा, राहायला ज्वारी. एकसष्ट हुलगे निघाले, सत्तावन्न ज्वारीचे दाणे. लगेच देवापुढे नारळ फुटला आणि वाजतगाजत फाट्याचं तोंड दगडमातीने बुजवलं गेलं.

तळं खोदलं ते मुरमाड जमिनीत. पाणी भरलं की जिरे. तिसऱ्या वर्षी कोरड्या तळ्यात माघातच गुरं बसू लागली.

यमुनाक्का देवळात पोचली तेव्हा सारी कर्ती माणसं ओट्यावर बसली होती. ती उभ्यानेच म्हणाली, "फाटा उघडा. सहा गावांकडे जा आणि परत घ्या म्हणावं."

पाटील हसला. "अगं अक्का, देवापुढे नारळ फोडून केलेला ठराव आहे तो. फुटलेला नारळ कधी जोडता येतो का?"

"नारळ फुटला की खोबरं वाटून खायचं असतं, पाटील. करवंट्या पूजत बसायच्या नसतात."

ओट्यावर खसखस पिकली. पाटलाचा चेहरा उतरला. तेव्हा म्हातारा कारभारी पुढे सरकला. तो वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, गावाने एकदा शब्द दिला. आज तो फिरवला तर उद्या गावाच्या शब्दाला किंमत काय राहील?"

"सहा गावांना दिलेला शब्द तीन वर्षांपूर्वी फिरवलात, तेव्हा कुठं गेली होती ती किंमत?" यमुनाक्का कडाडली. "आणि पाटील, तुमच्या आधीच्या पाटलालाही नारळ फोडूनच बसवलं होतं. त्याला उठवून तुम्ही बसलात. तेव्हा बरा गावाचा शब्द फिरला!"

"फार बोलतेस," पाटील चवताळला. "तू कुठला दाणा टाकला होतास, सांग की सगळ्यांना!"

यमुनाक्काने उजवा हात पुढे केला.

"हुलगा," ती म्हणाली. "या हाताने टाकला. तुमच्या तळ्याच्या बाता ऐकून माझी मती फिरली होती. चुकले मी. तळ्याचा तळ दिसला तेव्हा मला ते कळलं. तुम्हालाही कळलंय, पण तुम्हाला मिशीला माती लागू द्यायची नाही. मिशी तुमची आणि मळे आमचे!"

कुणीतरी मडकं आणलं. पुन्हा दाणे पडले. सत्तर ज्वारीचे निघाले, अठ्ठेचाळीस हुलगे. ठराव फिरला.

पण मंडळी, गावाची खोड अशी सहज जाते थोडीच! पाटील सावकाश उठला, उपरणं झटकलं आणि म्हणाला, "ठीक. गावाचं मत शिरसावंद्य. पण सणाच्या तोंडावर लोकांचे पाय धरायला जाणं गावाला शोभत नाही. होळी होऊ द्या, मग मानाने जाऊ."

"होळीला सत्तावीस दिवस आहेत!" यमुनाक्का ओरडली. "वेलींना पंचांग कळतं का?"

आणि ज्यांनी आताच ज्वारीचा दाणा टाकला होता, त्यांनीही माना डोलावल्या. म्हणाले, "तेही खरंच. मानाने जावं." चूक कबूल करायला तयार झालेली माणसं ती धुवायला मात्र मुहूर्त शोधत होती! यमुनाक्काने त्या ओट्याकडे एकदा पाहिलं आणि ती घागर घेऊन नदीवर गेली. नदी पाचशे पावलांवर. ती रोज वीस खेपा करी. त्यात अकरा ओळी भिजत. उरलेल्या एकोणतीस ओळींकडे बघायचं तिने सोडून दिलं.

होळी झाली. फाल्गुन वद्य पंचमीला पाटील फेटा बांधून सहा गावांच्या बैठकीत गेला.

बैठकीतला वडीलधारा म्हणाला, "या, बसा. तुमची पाळी बुडवली तो आमचा दोष. पुन्हा तसं होणार नाही. पण तुमच्यामागं आम्ही पाळ्या नव्याने बांधल्यात. आता तुमची सातवी. आणि फाट्यात तीन वर्षांचा गाळ आहे, तो आधी तुम्हीच काढायचा."

"आमची तिसरी होती," पाटील म्हणाला.

"होती," वडीलधारा म्हणाला.

चूक केल्याने गाव बुडत नाही. चुकीलाच अब्रू समजून कवटाळल्याने बुडतं.

गाळ काढायला आठ दिवस लागले. फाल्गुन अमावास्येला सकाळी सातव्या पाळीचं पाणी गावात आलं. यमुनाक्काच्या मळ्यात चाळीसपैकी अकरा ओळी जिवंत होत्या.