भारद्वाजाची हूप

त्या खोऱ्यात खरी बातमी एकच, संध्याकाळी नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडावरून सांगितली जाणारी. पाणी किती आहे, बिबट्या कोणत्या अंगाला उतरलाय, कोणतं कुरण मोकळं आहे, हे झाडाने सांगायचं आणि खोऱ्याने त्यावर जीव सोपवायचा, अशी तिथली रीत होती.

सांगायला साळुंकी होती. गळा गोड, चोच पिवळीधमक. खोऱ्यातली लेकरंबाळं तिच्यावर भारी खूश. पण एकट्या साळुंकीने काय होणार? टिटवी नदीच्या पात्रात पायपीट करून, डोळ्यांनी बघून खबर आणायची. सुतारपक्षी दोन बातम्यांच्या मधे खोडावर ठोका द्यायचा, म्हणजे एक विषय संपला हे कळे. आणि या सगळ्यांना हाकायचं काम भारद्वाजाचं. तो स्वतः कधीच बातमी सांगत नसे. प्रत्येक बातमीआधी घशातून एक खोल हूप काढायची, एवढंच खोऱ्याला त्याचं ठाऊक. हूप झाली की चालणारा थांबे, चरणारा मान वर करी, आया पिल्लांना दाबून खाली बसवत. "हूप झाली ना? मग बस गुमान."

खोरं असं चिडीचूप झालं की झाडावर मात्र नुसती धांदल. टिटवी धापा टाकत यायची, "अहो दादा, बिबट्याने वाट बदलली!" आणि भारद्वाज साळुंकीच्या कानाशी लागून जुनी बातमी मागे सारायचा, नवी पुढे द्यायचा. कधी सुतार भलतीकडेच ठोका देई, कधी साळुंकी अडखळे. मग खालच्या फांदीवर दबक्या आवाजात शिव्यांची लाखोली, आणि सगळं आटोपल्यावर पोट धरून हसणं. चुका व्हायच्या, पण निस्तरायला कुणीतरी जागेवर असायचं.

झाडाचा मालक हत्ती डोंगरापलीकडे राही. अशी कितीतरी खोऱ्यांतली झाडं त्याच्या मालकीची. हे झाड त्याने कधी पाहिलं तरी होतं की नाही, देव जाणे. एका वर्षी त्याचा कारभारी मुंगूस आला. बोलायला लोण्यासारखा मऊ. त्याने झाडाखाली, नदीच्या धारेत एक लाकडी चक्र बसवलं. सकाळी चक्रावर खुंट्या ठोकायच्या. संध्याकाळी पाणी चक्र फिरवणार, खुंट्या वेलीचे दोर ओढणार, दोर साळुंकीच्या फांदीला हिसके देणार. ज्या हिसक्याला जी बातमी नेमून दिली, ती तिने सांगायची. मधला ठोका द्यायला एक लाकडी ठोकळाही टांगला होता.

"टिटवीबाई, तुमचे पाय किती दमतात हो," मुंगूस म्हणाला. "आता आराम करा."

"आराम मी मागितला होता का तुमच्याकडे?" टिटवी म्हणाली. मुंगूस नुसता हसला.

सुतारपक्षी उडून गेला. भारद्वाजाला मात्र ठेवून घेतलं. "तुमची हूप हवीच, बुवा. तिच्याशिवाय खोरं बसत नाही. आणि कुठे किती थांबायचं, तेवढं आमच्या खुंट्या ठोकणाऱ्याला दाखवून द्या." भारद्वाजाने दाखवून दिलं. ज्या थांब्यांमधे ते सगळे मिळून बातमी सावरायचे, ते थांबे त्याने स्वतःच्या चोचीने खुंट्यांवर उतरवून दिले. मुंगुसाने मग त्यातले बरेचसे 'रिकामे' म्हणून काढून टाकले. भारद्वाजाला लाज वाटली. मनातल्या मनात स्वतःला चार शिव्याही घातल्या त्याने. पण फांदी सोडवेना हो. सगळा जन्म तिथे गेलेला.

मुंगुसाने जाता जाता खोऱ्याला बजावलं, "झाडावरून येईल तेच खरं. इकडेतिकडे कुणी ओरडलं तर बिचकू नका." कुणी म्हणजे कोण, हे सगळ्यांनाच कळलं.

टिटवीने राग धरला नाही. नदीच्या वाळूत तिने अंडी घातली होती, त्यातून पिल्लं निघाली. मऊ पिसांची, काडीएवढ्या पायांची. भारद्वाज दुपारी तिथे जाऊन बसे. पिल्लं त्याच्या पाठीवर चढत, तांबूस पंख ओढत. त्याला पोरंबाळं नव्हती. या पिल्लांत त्याचा जीव अडकला होता. "मामाची हूप ऐकली की असाल तिथे खाली बसायचं," टिटवी त्यांना शिकवी, आणि भारद्वाज हळूच हूप करून दाखवी. पिल्लं झटकन वाळूला चिकटत. मग मामाचं कौतुक बघावं!

एका संध्याकाळी चक्र फिरू लागलं, साळुंकीचं सांगणं सुरू झालं, आणि टिटवी किंचाळत झाडावर आली. "दादा, वरच्या तळ्याचा बांध फुटला! पाणी निघालंय. साळूला सांगायला लावा!" आणि तशीच पिल्लांकडे उलटी फिरली.

भारद्वाज साळुंकीपाशी उड्या मारत गेला. "साळू, थांब. पूर येतोय, एवढंच सांग."

"ऐकलं हो मी, पण..." साळुंकीचे डोळे भेदरले होते. तेवढ्यात फांदीला हिसका बसला आणि तिच्या तोंडून निघालं, "उद्या आकाश निरभ्र राहील." श्वास घेते न घेते तोच दुसरा हिसका. मधे बोलायला जागाच उरली नव्हती. भारद्वाज वेलीच्या दोरावर चोच मारू लागला. दोर काही तुटेना. सुतार असता तर एव्हाना दोराचे तुकडे पडले असते.

त्याने खाली पाहिलं. टिटवी पिल्लांच्या डोक्यावरून झेपा घेत होती आणि पिल्लं पात्र सोडून चढावर धावत होती. ती धावताना बघून एक ससा उठला. मग भेकराची मादी उठली, पाठोपाठ तिचं पाडस. कुरणात चुळबूळ सुरू झाली. झाडाकडे लागलेल्या माना एकेक करून चढाकडे वळू लागल्या. वरच्या वळणावर पाण्याचा गढूळ लोंढा दिसू लागला होता, पण चढ जवळ होता. पोचली असती सगळी.

भारद्वाजाला राहवलं नाही. पळा, असंच त्याला म्हणायचं होतं. पळा रे लेकरांनो, मागे बघू नका! पण बोलणं त्याला शेजारच्या फांदीपुरतंच येई. खोऱ्याच्या टोकापर्यंत पोचेल असा आवाज त्याच्या गळ्यात एकच होता. त्याने छाती फुगवली आणि जिवाच्या आकांताने तो काढला.

हूप.

ससा थांबला. भेकराने पाडसाला खाली बसवलं. चढाला लागलेली पिल्लं जिथे होती तिथे, शिकवल्याप्रमाणे, मातीला चिकटली. भारद्वाज हादरला. आणखी मोठ्याने ओरडला तो, पुन्हा ओरडला, पुन्हा. उरलेसुरलेही खाली बसले. टिटवी वरून गरगर फिरत किंचाळत होती, पिल्लांना चोचीने ढकलत होती. "उठा रे!" पिल्लांनी मान हलवली नाही. एवढ्या हुपा झाल्या म्हणजे बातमी मोठी असणार, म्हणून सगळं खोरं श्वास रोखून झाडाकडे बघत होतं.

"नदीचं पाणी घोट्याइतकं आहे," साळुंकी म्हणाली.

पुराने आधी चक्र गाठलं. ते भिंगरीसारखं फिरू लागलं, हिसके लागोपाठ बसू लागले, आणि साळुंकी कोरड्या पडलेल्या घशाने भराभर सांगत सुटली, कुरण मोकळं, वारा मंद, रात्र सुखाची. भारद्वाजाने डोळे मिटून घेतले.

डोंगराच्या धारेवरून मुंगूस पाहत होता. अंधारून येईपर्यंत तो थांबला, मग अंग झटकून धन्याकडे निघाला. आजवर कुठल्याच खोऱ्यात असं झालं नव्हतं. हूप झाल्यावर सांगणं संपेपर्यंत एकही जण जागचा उठला नव्हता.