जुन्या तळ्याची वाट

पूर्वी, पृथ्वीवर एकही नगर वसले नव्हते आणि कुठे कुणी राजा राज्य करीत नव्हता, अशा काळी बोधिसत्त्व लांब मानेच्या डायनासोरांच्या एका कळपात जन्मला होता. त्याचे नाव दीर्घकंठ. आई लवकर गेल्यामुळे त्याला मेघवर्णा नावाच्या मावशीने वाढवले होते.

त्या कळपात म्होरक्या झुंजीने ठरत नसे. जो पुढे व्हायला तयार असेल तो आपल्या वाटेकडे तोंड करून उभा राही. ज्याचा त्याच्यावर विश्वास असेल तो मुकाट्याने त्याच्या मागे जाऊन उभा राही. ज्याच्या मागे जास्त जण, तो म्होरक्या. हरलेल्याला आपली वेगळी वाट धरायची मोकळीक असे.

एका दुष्काळात नदी आटली आणि म्हातारा म्होरक्या कोसळला. तेव्हा वज्रपुच्छ नावाचा बळकट नर उत्तरेकडे तोंड करून उभा राहिला. तो म्हणाला, "आपण जुन्या तळ्याकडे जाऊ. आपण सगळे जन्मलो तिथे."

मेघवर्णेचे मन भरून आले. कळप वाढला, चारा पुरेना, म्हणून ते तळे सोडावे लागले होते. काठची ऊन वाळू, वाळूतली घरटी, धुक्यात भिजलेल्या नेच्यांचा वास, सगळे तिला कालचे वाटले. मरण्यापूर्वी एकदा तिथले पाणी प्यावे, एवढेच तिला हवे होते.

दीर्घकंठ पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला. "उत्तरेच्या वाऱ्याला राखेचा वास येतो," तो म्हणाला. "तिकडचा डोंगर फुटला असावा. पूर्वेला दलदल आहे, मी पाहून आलो आहे."

कुणाला ते ऐकायचे नव्हते. एकेक जण वज्रपुच्छामागे गेला. मेघवर्णाही गेली. जाताना तिने दीर्घकंठाकडे पाहिले नाही.

दीर्घकंठ वळला आणि रांगेच्या अगदी शेवटी, तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"तुला पटत नाही, मग येतोस कशाला?" तिने विचारले.

"मावशी, तुझे पाय दुखतात. मागे राहिलेल्यांसोबत कुणीतरी हवे."

वाटभर ती तळ्याच्या गोष्टी सांगत राहिली. पानांवर राख दिसू लागली, तरी तो त्याविषयी अवाक्षर बोलला नाही.

"ते घरटे आठवते का रे?"

"आठवते. उन्हात तू माझ्यावर सावली धरून उभी असायचीस."

अखेर ते पोचले. तळ्याच्या जागी करडा चिखल वाळून तडकला होता. नेचे जळून गेले होते. वज्रपुच्छ मान खाली घालून उभा राहिला. तरुण नर संतापले. "याला हाकलून द्या," ते म्हणाले, आणि सगळा कळप दीर्घकंठामागे जाऊन उभा राहिला.

दीर्घकंठ म्हणाला, "इथे यायची ओढ सगळ्यांनाच होती. मलाही होती. माझा अंदाज चुकावा, असे मला रोज वाटत होते." मग तो वज्रपुच्छाला म्हणाला, "पूर्वेची वाट दाट झाडीची आहे. तुझ्याइतके बळ कुणात नाही. माझ्याबरोबर पुढे चल."

मेघवर्णा मात्र चिखलाकाठी बसली. "मी इथेच थांबते. तुम्ही जा."

"मग आम्हीही थांबतो," दीर्घकंठ म्हणाला. तहानलेला कळप जिथल्या तिथे थांबला. कुणी कुरकुर केली नाही. मेघवर्णेने वाळूच्या त्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहिले. मग ती सावकाश उठली आणि चालू लागली. त्या दिवसापासून कळपाची चाल सर्वांत मंद पावले ठरवू लागली.

दलदलीकाठी मेघवर्णेने आणखी बरेच दिवस काढले. नव्याने जन्मलेली पिल्ले तिच्याभोवती जमत आणि ती त्यांना जुन्या तळ्याविषयी सांगत असे.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा वज्रपुच्छ म्हणजे आजचा भिक्षू वसुदर्श. आपले गाव आठवून अजून जिचे डोळे भरतात ती वृद्ध भिक्षुणी, थेरी पद्मिका, तीच मेघवर्णा. तो कळप म्हणजे तुम्ही, आणि दीर्घकंठ मी होतो." आपले म्हणणे डावलले गेले तरी आपल्या माणसांची साथ न सोडणे, ही बोधिसत्त्वाची क्षांती, म्हणजे सहनशीलता, होय.