उजवीकडचं चुंबक

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या पोटात घाला. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. झालं तसं लिहितो.

“दुखणं मेंदूच्या डावीकडं, मग चुंबक उजवीकडं का?”

मी डॉक्टरबाईंना विचारलं. एवढं विचारायला धीर गोळा करण्यात आधीच्या सगळ्या खेपा गेल्या होत्या.

खुर्चीत बाबालाल वस्ताद बसले होते. आमच्या तालमीचे वस्ताद. बाप गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. शब्द तेवढा ओठापर्यंत येतो आणि परत जातो.

दोन कडी एकमेकांना चिकटवल्यासारखं दिसणारं ते चुंबकाचं यंत्र बाईंनी वस्तादांच्या डोक्याला उजवीकडून लावलं होतं. टक्... टक्... टक्...

“बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं,” बाई म्हणाल्या. “ती आजारी पडली. मग उजवी धावून आली. सगळं मीच करते म्हणते. तिला नीट जमत नाही, आणि डावीला करूही देत नाही. हे चुंबक तिला जरा थोपवून धरतं.”

“म्हणजे बऱ्या बाजूला गप्प करायचं?”

“थोडा वेळ. तेवढ्यात आजारी बाजूनं धडपडायचं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण धडपड झाली नाही तर नुसत्या टकटकीनं काय होणार?”

वस्ताद हसले. तोंड वाकडं झालंय, पण पोटातून हसले.

मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

चुंबक झालं की शेजारच्या खोलीत कुरणेबाई चित्रं दाखवून बोलायला शिकवतात. त्यांनी म्हशीचं चित्र धरलं.

“वस्ताद, हे काय?”

“म्... म्...”

“म्हैस,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. दुसरं चित्र काढलं.

“त्...”

“तांब्या. त्यांना ठाऊक आहे, बाई. रोज त्यातूनच पाणी पितात.”

“अण्णाप्पा, त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे.”

“मग विचारता कशाला?”

बाईंनी चित्रं टेबलावर आपटली.

“तुम्ही बाहेर बसता का जरा?”

“मी बाहेर बसलो तर त्यांचं तुम्हाला कळणार कसं?”

वस्तादांनी डावा हात टेबलावर मारला, काठी उचलली आणि चालते झाले.

एसटीत त्यांनी माझ्याकडं पाठ केली. गावात उतरल्यावर हात हलवून सांगितलं... उद्यापासून यायचं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, झटक्यानंतरचे हे महिने वाया घालवू नका. पुढं पुढं अवघड होत जातं.

संध्याकाळी तालमीत आम्ही दोघंच होतो. मला राहवलं नाही.

“वस्ताद, मी चार माणसांत तोंड उघडत न्हाई, तुमाला म्हाईत हाय. तरी तुमच्यापायी सगळीकडं बोलतोय. दवाखान्यात मी, दुकानात मी, पावण्यारावळ्यांत मी. आनि तुमी एक अक्षर काढंना?”

वस्तादांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

“त्... तू...”

“तूप? भातावर तूप पायजे?”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

मग कोपऱ्यातला तांब्या उचलला, माझ्या तोंडाला लावला आणि माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

ही आमच्या तालमीतली जुनी रीत. तोंडात पाण्याची चूळ धरून पळायचं, म्हणजे श्वास नाकानं घ्यायची सवय लागते. पाणी गिळलं की पळणं पहिल्यापासून. वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या काठावरून ओरडायचे, “गिळू नगंस!” ती आरोळी पार वेशीपर्यंत ऐकू जायची.

म्हणजे वस्तादांना मला पळवायचंय, असं मी समजलो. तोंड भरून घेतलं आणि तालमीला फेऱ्या मारू लागलो.

घामाघूम होऊन परत आलो, तर वस्ताद भिंतीला डोकं टेकून बसले होते. माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, जणू माझ्याऐवजी म्हैस पाळली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी माझं मनगट धरून मला समोर बसवलं. पुन्हा तांब्या. पुन्हा ओठांवर बोट.

बसलो.

शेजारच्या जैनबचाची दारात आल्या.

“वस्ताद, भाकरी आनू, का थांबू?”

मी गाल फुगवून बसलेला.

“काय रं आण्ण्या, तुझी बी वाचा गेली व्हय?”

वस्ताद हसले. हसता हसता थांबले. ओठ हलू लागले.

“थ्... थां...”

चाची उभ्याच. वस्तादांच्या कपाळावर घाम आला. ओठ मिटले, उघडले.

“थां...”

मी पाणी गिळलं. “थांबा म्हनत्यात!”

तांब्या माझ्या कानाजवळून गेला आणि हौदातल्या लाल मातीत रुतला.

चाची म्हणाल्या, “भाकरी आनते मी,” आणि निघून गेल्या.

वस्ताद तोंड फिरवून बसले. मी मातीत रुतलेल्या तांब्याकडं बराच वेळ बघत राहिलो...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो तांब्या घासला. पाणी भरून बाटलीत ओतलं आणि वस्तादांच्या दारात जाऊन उभा राहिलो. चला म्हणालो नाही. काहीच म्हणालो नाही.

वस्तादांनी बाटली बघितली. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग चपला पायात सरकवल्या.

दवाखान्यात चुंबक झालं. टक्... टक्... टक्... कुरणेबाईंच्या खोलीच्या दारात मी तोंडात चूळ भरली आणि आत जाऊन बसलो.

“दाढ दुखते का?” बाईंनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी म्हशीचं चित्र धरलं.

“म्... म्...”

बाई थांबल्या. मीही थांबलो. चित्र धरलेला बाईंचा हात अवघडला, तो त्यांनी बदलला. वस्तादांच्या गळ्यातली शीर वर आली.

“म्...”

म्हैस माझ्या जिभेच्या टोकावर आली होती. डोळ्यांत पाणी आलं. घसा आपोआप वर सरकला.

वस्तादांनी चित्रावरची नजर काढून माझ्या घशावर ठेवली.

“गिळू... नगंस.”