लांब तोंडाची मासोळी

मासे बोलायचे आणि माणसं ऐकायची नाहीत, तेव्हाची गोष्ट. हेमांगीताईंच्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. तिच्यात लांब तोंडाची पिवळी मासोळी नवी आली. ताई वरून खाद्य टाकायच्या, जाडे निळे मासे ते झडप घालून संपवायचे. पिवळी उपाशीच.

"नखरे बघा राणीसाहेबांचे!" निळे भरल्या पोटी म्हणायचे.

ताईंनाही तेच वाटलं. "आज खाल्लं नाहीस तर दुकानात परत!" त्यांनी दम दिला.

पिवळी रडकुंडीला आली. "समुद्रात मी दिवसभर खडकाच्या फटीतून टिपून खायचे. इथे माझ्यापर्यंत काही येतं का?"

टाकीच्या तळाशी शंखात राहणारा खेकडा निळ्यांवर भडकला. "गिळणारे तुम्ही, आणि नावं हिला ठेवता?" त्याने तळावरचं आपल्या वाट्याचं खाद्य रिकाम्या शिंपल्याच्या फटीत दाबून भरलं. निळ्यांची तोंडं आत शिरेनात. पिवळी टिपटिप खाऊ लागली.

ताई काचेशी वाकल्या. "बघा! धाक दाखवला तशी मुकाट्याने खायला लागली!"

खेकडा संतापून काचेवर नांग्या आपटू लागला.

"खेकडेदादा," पिवळी म्हणाली, "त्यांना ऐकू जात नाही. तुम्ही शिंपला भरा."