शफरीची परीक्षा

"आणि हात सुटला तर?" आप्पांनी विचारले.

केदार हसला. "माझा हात सुटत नाही, आप्पा."

"तुझ्या या हाताचे मी विचारत नाही."

आप्पांची दृष्टी रिमोटच्या टोकाशी असलेल्या अँटेनाच्या लहानशा काडीवर होती.

"इथून निघून बोटीपर्यंत पोहोचतो, तो हात. तो मध्येच सुटला, तर तुझी शफरी काय करील?"

"थांबेल."

"पाहिलेस?"

केदारने उत्तर देण्यापूर्वी बोटीच्या पाठीवरून एकवार फडके फिरवले.

"पाहिले."

वडजाईच्या तळ्याच्या दगडी पायऱ्यांवर हे बोलणे चालले होते. दुसऱ्या दिवशी त्याच तळ्यात रिमोटवर चालणाऱ्या बोटींची शर्यत होती. आप्पा तेरदाळकर हे तंत्रशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्या भागात बोटी बांधणारे बहुतेक सारे त्यांच्या हाताखालून गेलेले. शर्यतीचे नियम छापलेले होते. एक नियम मात्र कोठेही छापलेला नव्हता आणि तोच सर्वांत कडक होता. आप्पांनी 'हो' म्हटल्यावाचून कोणाचीही बोट पाण्यात उतरत नसे.

केदार रिसबूड हा त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. ही गोष्ट त्याला स्वतःलाही ठाऊक होती.

शफरीचा साचा त्याने स्वतः केला होता. फायबरचे थर स्वतः चढवले होते, सुकाणू स्वतः घडवले होते, आणि पंख्याची पाती तर इतकी घासली होती की त्यांत चेहरा दिसावा. नोकरीतून उरलेला सगळा वेळ तिने खाल्ला होता. ठरलेले लग्नसुद्धा त्याने शर्यतीनंतरच्या मुहूर्तावर ढकलले होते.

"वधूपक्षाचा निरोप आहे," खालच्या पायरीवरून रझिया म्हणाली. "सवत एकदाची पाण्यात पडू दे, मग आम्ही येतो."

रझिया मुल्ला ही आप्पांची केदारच्या आधीची शिष्या. बंद पडलेल्या बोटी ओढून आणण्यासाठी एक लहान नाव असे, तिच्या दोराची गाठ ती सोडवीत होती.

"नाव ठेवले मासोळीचे," ती पुढे म्हणाली, "आणि आवाज पिठाच्या गिरणीचा."

"उद्या त्याच आवाजामागून तुमची बोट येईल, रझियाताई. दुरून."

आप्पा हसले नाहीत.

"बोटीतला रिसीव्हर नवा दिसतो," ते म्हणाले.

"परवाच बसवला. जुन्यापेक्षा हलका आहे."

"नव्यावर पाहिलेस?"

"त्यालाही तीच सोय आहे, आप्पा. संदेश तुटला की पुढचे तो आपले आपण पाहतो. हल्ली हे सगळे आपोआप होते."

"आपोआप दूधही उतू जाते," रझिया म्हणाली.

"मी सोयीचे विचारले नाही," आप्पा म्हणाले.

केदारने फडक्याची घडी घातली.

तळ्याच्या पलीकडल्या अंगाला धुण्याचा घाट होता. शर्यतीच्या मार्गातील सर्वांत लांब सरळ पट्टा नेमका त्या घाटाच्या दिशेने जाऊन मग वळत असे. तेथे पाच-सहा बायका गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. धुणे आपटल्याचा आवाज पाण्यावरून सावकाश इकडे येत होता.

आप्पांनी पायांतील वहाणा काढल्या. चष्मा काढून रझियाच्या हाती दिला. धोतर वर खोचले, आणि काही न बोलता ते पायऱ्या उतरू लागले.

"अहो आप्पा! पाणी गार आहे. तुमचे गुडघे…"

"गुडघ्यांना सांगून निघालो आहे."

मांड्यांपर्यंत पाणी आले तेव्हा ते थांबले आणि वळले.

"केदार, सोड तिला. लांबून वळव आणि सरळ माझ्या अंगावर आण. पूर्ण वेगाने. मध्यावर आली, की रिमोट बंद कर."

आपण नीट ऐकले की नाही, अशी केदारला शंका आली.

"भलतेच काय, आप्पा!"

"का? थांबेल म्हणालास."

"थांबेलच."

"मग?"

"तुम्ही वर या. मी इथूनच दाखवतो."

"काठावरून सगळ्याच बोटी थांबतात."

रझियाने दोर हातातून खाली ठेवला.

केदारने शफरी पाण्यावर ठेवली. शिष्याच्या अंगी जो अभिमान असतो, त्याला माघार शिकवलेली नसते. त्याने वेगाची कळ दाबली.

शफरी गेली.

तिचा तळ पाण्याला क्वचितच टेकत होता. मागे फेसाची पांढरी रेघ उठत होती. तळ्याच्या मध्यापलीकडे जाऊन तिने असे सुरेख वळण घेतले, की दुसऱ्या एखाद्या दिवशी आप्पांनी मान डोलावली असती. मग तिचे नाक त्यांच्याकडे वळले.

आप्पा उभे होते. दोन्ही हात पाण्यात सोडलेले. चष्म्यावाचून त्यांना ती नीट दिसतही नसावी.

"आता!" ते म्हणाले.

केदारचा अंगठा बटणावर होता.

"आता, केदार!"

अंगठा हलला नाही.

शेवटच्या क्षणी त्याने सुकाणू फिरवले. शफरी आप्पांच्या बाजूने सणसणत निघून गेली. तिच्या लाटेने त्यांचा सदरा छातीपर्यंत भिजला. ते जागचे हलले नव्हते.

बोट काठाशी आली. मोटर थांबली. पलीकडे धुणे आपटणे चालूच होते.

"का नाही केलेस?" आप्पांनी विचारले.

केदारने रिमोट खाली घेतला.

"मला… माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

केदारने शफरीकडे पाहिले.

"ती थांबेल की नाही, ते."

"हे मघाशी सांगितले असतेस, तर माझा सदरा वाचला असता."

आप्पा बाहेर आले. रझियाने आपली शाल त्यांच्या खांद्यांवर टाकली. त्यांनी ती काढली नाही, एवढ्यावरून त्यांना किती हुडहुडी भरली होती ते कळावे.

शफरीला काठावर बोटी ठेवायच्या लाकडी घोडीवर चढवले. रझियाने पंखा काढून बाजूला ठेवला, म्हणजे कोणाला इजा व्हायला नको. केदारने कळ किंचित दाबली. मोटर हळू गुणगुणू लागली.

"कर बंद," आप्पा म्हणाले.

त्याने रिमोट बंद केला.

क्षणभर काहीच झाले नाही. तीच गुणगुण.

मग मोटर किंचाळली.

घोडी थरथरली. केदार रिमोटची कळ पुन्हा पुन्हा सोडत होता आणि बंद पडलेला रिमोट त्याच्या हातात मुकाट होता. मोटर आपल्या कमाल वेगाने, कोणाच्याही सांगण्यावाचून, फिरतच राहिली. अखेर रझियाने पुढे होऊन बॅटरीची जोड उपटली.

शांतता झाली.

केदारने आधी आप्पा जेथे उभे होते तेथील पाण्याकडे पाहिले. मग समोरच्या घाटाकडे. तेथील एक बाई आवाज ऐकून इकडे पाहत होती. डोळ्यांवर हात धरून तिने थोडा वेळ पाहिले, आणि पुन्हा ती धुण्याकडे वळली.

"नवा रिसीव्हर जोडलास, तेव्हा कळ कोठे होती?" आप्पांनी विचारले.

केदार पायरीवर बसला.

"मोटरला तिचा कमाल वेग शिकवायचा होता. त्यासाठी कळ पूर्ण दाबून धरावी लागते. त्याच बैठकीत रिसीव्हरही रिमोटशी जोडला… घाई होती."

"म्हणजे कळ?"

"पूर्ण दाबलेली."

"आणि रिसीव्हर काय ध्यानात ठेवतो?"

"जोडताना हात जसा असेल, तसा." तो एकेक शब्द मोजून बोलत होता. "हात सुटला, की तो तेच करीत राहतो."



केदारने रिसीव्हर काढला. पुसायचे कारण नव्हते, तरी पुसला. मग कळ पूर्ण सोडून, बोट कळीपासून दूर धरून, त्याने त्याची जोडणी पहिल्यापासून केली. घोडीवर मोटर लावली, रिमोट बंद केला. मोटर थांबली. पुन्हा लावली, पुन्हा बंद केला. थांबली. कोणी सांगितले नसताना त्याने हे इतक्या वेळा केले, की अखेर रझिया म्हणाली, "बाळा, बॅटरी तरी शिल्लक ठेव."

त्याने पंखा चढवला आणि उभा राहिला.

"आप्पा, आता दाखवतो."

"कोणावर?"

केदारने आप्पांच्या ओल्या सदऱ्याकडे पाहिले. मग त्याने रिमोट त्यांच्यापुढे धरला, विजारीचे पाय दुमडले आणि तो पायऱ्या उतरू लागला.

आप्पांनी रिमोट हाती धरणे सोडल्याला बराच काळ लोटला होता. त्यांनी तो घेतला. चष्मा लावला.

मांड्यांभर पाण्यात उभ्या असलेल्या केदारला तेथून एक गोष्ट स्पष्ट दिसली.

"आप्पा… तुमचा हात…"

"कापतो. ठाऊक आहे."

"रझियाताई चालवतील!"

"रझियाने तुझी बोट अंगावर येताना पाहिलेली नाही," आप्पा म्हणाले. "मी पाहिली आहे." आणि त्यांनी कळ दाबली.

शफरी गेली. वळली.

तिला समोरून येताना केदारने याआधी कधी पाहिले नव्हते. काठावरून दिसणारी फेसाची रेघ आता दिसेना. दिसत होते फक्त तिचे निमुळते, पांढरे नाक. ते जागच्या जागी मोठे होत होते. त्याच्या हातांनी घडवलेले एक धारदार टोक, आणि त्या टोकामागे, पाण्याखाली, त्यानेच घासलेली पाती. पाय उचलावा असे त्याला वाटले. खालचा गाळ पाय सोडीना.

मध्य आला.

आप्पांनी रिमोट बंद केला आणि तो दोन्ही हातांत उंच धरला, केदारला दिसेल असा.

आवाज तसाच होता.

तसाच…

"आप्पा!"

आवाज तुटला.

शफरीचे नाक पाण्यात बसले. तिच्याच मागची लाट तिला पुढे लोटत आली. ती हेलकावली, मंदावली, आणि एखाद्या मांजराने पायाला अंग घासावे तशी येऊन केदारच्या मांडीला टेकली.

त्याने तिला उचलले नाही. तो नुसता तिच्याकडे पाहत राहिला. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते, आणि ते थंडीने असावे असे रझियाने ठरवले. त्याची थट्टा करण्याची एवढी चांगली संधी तिने सोडून दिली.

पलीकडच्या घाटावर धुणे पिळून झाले होते. बायका पाण्यातच उभ्या राहून बोलत होत्या, हसत होत्या.

केदारने त्यांच्याकडे पाहिले. मग आप्पांकडे.

"आप्पा… उद्या उतरवू का तिला? तुमची परवानगी…"

आप्पांनी बंद रिमोट पायरीवर ठेवला, आणि शाल सावरीत ते वहाणा शोधू लागले.

"मला काय विचारतोस? मी काठावर आहे. पाण्यात तू उभा आहेस."